अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

सन 1860 हे वर्ष हिंदुस्थानच्या कायदेकानूंच्या इतिहासात मोठ्या बरकतीचे मानावे लागेल; कारण त्या एकाच वर्षी सरकारने चोर, दरोडेखोर, खुनी आणि ठक यांच्या बंदोबस्तासाठी भारतीय दंडविधान संमत केले, आणि वाचनालये, विद्वत्सभा व धर्मादाय मंडळ्या काढू पाहणाऱ्या सद्गृहस्थांच्या बंदोबस्तासाठी संस्था नोंदणी अधिनियमही संमत केला. पैकी सद्गृहस्थांचा कायदा त्या सालचा एकविसावा आणि दरोडेखोरांचा पंचेचाळिसावा. म्हणजे सरकारला आधी चिंता पडली ती सद्गृहस्थांची आणि मागाहून दरोडेखोरांची, हा क्रम ज्यांनी आमच्या बाजूच्या एखाद्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा अथपासून इतिपर्यंत पाहिली आहे त्यांना मुळीच अस्वाभाविक वाटणार नाही. पुढे दिनांक 1 जुलै 2024 रोजी दंडविधान सेवानिवृत्त झाले, ज्या चारशेविसाव्या कलमाने आपल्या बोलीला एक विशेषण दिले त्यालाही तीनशे अठरावे होऊन नव्या संहितेत मुकाट्याने रुजू व्हावे लागले. परंतु सद्गृहस्थांचा कायदा महाराष्ट्रात अद्यापि सेवेत असून त्याच्या निवृत्तीची वार्ता कानावर नाही.

या कायद्याला माणसे लागतात सात. सहा माणसांचा एकोपा त्याला खाजगी वाटतो, आणि सातवा येऊन बसताच तोच एकोपा सार्वजनिक हिताचा होतो. डोंबिवलीत सात माणसे जमविणे हे काम कठीण नाही. कठीण आहे ते आठव्याला दुखविल्यावाचून परत पाठविणे. संस्था काढण्याची हौसही या मुलखात काल-परवाची नव्हे. 1860 च्या कायद्याची शाई पुरती वाळते न वाळते तोच, 1864 साली, कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले. 1893 साली ठाण्यात 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. आणि या दोन्ही संस्था आजतागायत चालू असल्यामुळे, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही सुशिक्षित मनुष्याला संध्याकाळी पाय मोकळे करावयास निघाल्यावर आपणही एखादी संस्था काढावी असे वाटू लागणे हा आनुवंशिक धर्मच म्हटला पाहिजे.

आमच्या सात जणांचा हेतू तर अगदी आटोपशीर होता. टिळकनगरपासून गोग्रासवाडीपर्यंत आता अशी घरे पुष्कळ आहेत की ज्यांतील मुलेबाळे शिकूनसवरून परमुलखी स्थायिक झाली, आणि मागे उरलेल्या वृद्ध दांपत्याला, किंवा त्यांतील उरलेल्या एकाला, दवाखान्यात जावयाचे असो की बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असो, बरोबर यावयाला कोणी नसते. अशांना सोबत करावी, एवढेच. हे एक वाक्य चहा संपण्यापूर्वी सर्वांना मान्य झाले, आणि त्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले की आता केवळ कागदपत्रांचा सोपस्कार तेवढा राहिला. 'केवळ' हा शब्द इतिवृत्तात नोंदला गेला नाही, हे बरे झाले.

मंडळींचा परिचय करून देणे अवश्य आहे. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्यात होते; त्यांना आम्ही 'साहेब' म्हणत असू, आणि त्यांनी आयुष्यात कोणत्याही कागदावर पहिल्या वाचनात सही केली नव्हती. गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. बँकेतून स्वेच्छेने निवृत्त झालेले एक काका होते, ज्यांची ती स्वेच्छा नेमकी कोणाची होती याविषयी ते मौन पाळीत. एका गृहनिर्माण संस्थेचे माजी सचिव होते, कल्याणचे एक वकील होते, नित्य कामाचे माणूस म्हणून वहिनी होत्या. आणि सातवे गृहस्थ अजून मुंबईत नोकरीस असल्यामुळे त्यांची लोकल डोंबिवलीला लागून ते जिना चढून येईपर्यंत सभेत आभारप्रदर्शन सुरू झालेले असे. 'बहुमत असेल तेच माझे मत' एवढे म्हणून ते निवलेला चहा घेत आणि दाखवाल तेथे सही करीत. कोणतेही मंडळ अशा मनुष्यावाचून चालत नाही.

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी दोन कायद्यांखाली होते, एक 1860 चा तो वृद्ध कायदा आणि दुसरा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. एकाच मुलाची दोन बारशी, आणि दोन्हींना भटजी एकच, कारण धर्मादाय उपायुक्त वा सहायक आयुक्त हेच संस्थांचे सहायक निबंधकही असतात. दोहोंसाठी विधानपत्र आणि नियमावली लागते, जिला आपण सारे 'घटना' म्हणतो. आता ही घटना स्वतंत्र बुद्धीने लिहिणारा मनुष्य विरळा. कचेरीच्या आसपास टंकलेखन करून देणारी जी अनुभवी मंडळी बसतात त्यांच्यापाशी तयार नमुना असतो. त्यात जुन्या संस्थेचे नाव जाऊन नवीचे पडते, की घटना तयार. आमच्या हाती पडलेला नमुना पूर्वी एखाद्या क्रीडामंडळाच्या सेवेत असावा, कारण वृद्धांना दवाखान्यात सोबत करण्याच्या आमच्या संस्थेच्या मसुद्यात खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि कुस्तीच्या हौद्यातील माती पालटण्याचे कर्तव्य कार्यकारी मंडळावर सोपविलेले आढळले. मास्तरांनी ती कलमे खोडण्यासाठी पेन्सिल उचलली, तेव्हा साहेबांनी त्यांचा हात धरला. "असू द्या," ते म्हणाले, "ठेवायला कारण लागत नाही. काढायला लागतं."

या वचनामागे पूर्ण शासकीय आयुष्याचा अनुभव होता आणि त्याला कायद्याचाही आधार होता. संस्थेची उद्दिष्टे एकदा लिहिली की त्यांत फेरबदल करणे 1860 च्या कायद्याने मोठे दुष्कर करून ठेवले आहे: आधी फेरबदलाचा लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला दहा दिवस अगोदर पाठवावा, मग विशेष सभा भरवावी, तीत तीन पंचमांश सभासदांनी तो मान्य करावा, त्यानंतर एक महिना सर्वांनी आपापल्या घरी शांतपणे विचार करावा, आणि मग दुसरी विशेष सभा भरवून तेवढ्याच तीन पंचमांशांनी आपले मत बदलले नाही असे जाहीर करावे. आता, महिनाभर एकाच मतावर राहणारे तीन पंचमांश सभासद कोणत्या गावी भेटतात? म्हणून शहाणी माणसे भविष्यकाळात जे जे काही सुचण्याचा संभव आहे ते ते सारे पहिल्या दिवशीच उद्दिष्टांत भरून ठेवतात. आमचेही तसेच झाले. वृद्धांना सोबत करणे हे उद्दिष्ट क्रमांक एक. त्यामागोमाग ग्रंथालय, रुग्णवाहिका, वधूवर सूचक केंद्र, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त व दुष्काळग्रस्त यांना साहाय्य, गोपालन, शास्त्रीय संगीताच्या मैफली, महाविद्यालय स्थापन करून चालविणे, आणि खेळपट्टी. वकिलांनी शेवटी 'व तत्सम सर्व' हे शब्द घातले, तेव्हा या विश्वातले असे कोणतेही सत्कृत्य उरले नाही की जे करावयास आमच्या संस्थेला कायद्याने मज्जाव होता. न करावयास तर मुळातच मज्जाव नव्हता.

कार्यक्षेत्राच्या कलमावर मात्र रक्त आटले. मूळ मसुद्यात 'डोंबिवली' एवढेच होते. ते पूर्व की पश्चिम, असा प्रश्न निघाला. रेल्वेच्या रुळांनी एका गावाची दोन मने केलेली आहेत हे बाहेरच्यांना सांगून कळावयाचे नाही. विष्णुनगरची वृद्ध माणसे आपली नव्हेत काय, असे सचिवांनी भावनाविवश होऊन विचारले. तेव्हा दोन्ही बाजू घेतल्या. मग कल्याणच्या वकिलांनी स्मरण दिले की 1983 पासून महानगरपालिका एकच आहे आणि तिच्या नावात कल्याण आधी येते. मग कल्याण घेतले. कल्याण घेतल्यावर ठाणे का नको? ठाणे घेतल्यावर जिल्हा का नको? चर्चा रात्री संपली तेव्हा आमचे कार्यक्षेत्र 'संपूर्ण भारत' असे झाले होते, आणि पश्चिमेला पुलावरून जाण्यास आमच्यापैकी कोणीही अद्याप तयार नव्हते.

कार्यक्षेत्र जितके विशाल तितका पत्ता दुर्मीळ. नोंदणीकृत कार्यालयासाठी जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्र लागते, आणि ज्याची जागा त्याच्या घरी सभा, ज्याच्या घरी सभा त्याच्या सौभाग्यवतींच्या मर्जीवर संस्थेचे आयुष्य. त्यातून सांप्रत डोंबिवलीत पुनर्विकासाचा असा काही सपाटा आहे की ज्या इमारतीचा पत्ता द्यावा ती येत्या दिवाळीला उभी असेलच अशी हमी कोणी देत नाही; आमच्या सातांपैकी कोणाच्या इमारतीची निविदा निघाली होती, कोणाचा करारनामा व्हावयाचा होता, कोणी भाड्याच्या घरात तात्पुरते राहत होते. अखेर ज्या इमारतीतले सभासद विकासकाच्या नावावर एकमत होण्याची सुतराम शक्यता नाही, असे माजी सचिवांनी प्रतिज्ञेवर सांगितले, तिचा, म्हणजे त्यांच्याच इमारतीचा, पत्ता एकमताने मंजूर झाला. भांडणाने स्थैर्य आल्याचे हे उदाहरण मी नमूद करून ठेवतो.

येथवर सगळी मौजच होती. परंतु नियमावलीचा खरा प्रांत यापुढे लागतो. मला अशी खात्री झाली आहे की संस्थेच्या नियमावलीतील प्रत्येक कलमाच्या पोटात एक माणूस असतो. तो या संस्थेत नसतो, मागच्या संस्थेत होता. 'बँकेतील खाते अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालेल' एवढे साधे वाक्य काकांनी वाचले, आणि ते गंभीर होऊन म्हणाले, "त्या दोघांत खजिनदाराची सही आवश्यक, असं घाला." कोणी कारण विचारले नाही, प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या पूर्वीच्या संस्थेतील एक अध्यक्ष आणि एक सचिव उभे राहिले होते. 'कार्यकारी मंडळात एकाच कुटुंबातील दोन व्यक्ती असू नयेत' या सूचनेमागे माजी सचिवांचे एक जुने दुःख होते. 'सलग तीन सभांना विनापरवानगी गैरहजर राहिल्यास पद रिक्त समजावे', 'कोरे धनादेश सही करून ठेवू नयेत', 'संस्थेचे दप्तर कोणत्याही परिस्थितीत पदाधिकाऱ्याच्या सासुरवाडीस नेऊ नये': यांतले शेवटचे कलम वाचून वकिलांनी भुवया उंचावल्या, तर सचिव एवढेच म्हणाले की ते पनवेलला गेले होते आणि अजून आलेले नाही. परस्परांवर संपूर्ण विश्वास असलेली सात माणसे, त्यांतील प्रत्येक जण पुढेमागे अफरातफर करील हे गृहीत धरून, हसतखेळत, एकमेकांच्या घरचा चिवडा खात कागद लिहीत होती. आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते, कारण बोलणे सातांविषयी नव्हतेच, ते त्या अनुपस्थित माणसांविषयी होते.

नियमांवरून भांडण्याची ही रीत हलकी समजू नये. तिला मोठी कुळपरंपरा आहे. 1884 साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी बाहेर कमाई करावी की करू नये, त्यांनी संस्थेला आपला सर्व वेळ द्यावा की काही, असल्या प्रश्नांवरून जे वाजले त्याची परिणती 1890 मध्ये लोकमान्य टिळकांच्या राजीनाम्यात झाली. राष्ट्राला केसरीकार पूर्ण वेळ मिळाले ते अंशतः एका नियमामुळे. त्याहीपूर्वी, 1870 साली निघालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा नियम तर असा की सभासद होऊ इच्छिणाराने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. हा नियम आमच्यात लागू केला तर काय होईल, असा विचार मी मोठ्याने बोलून दाखविला. आपल्याला ज्यांनी निवडून दिले नाही अशा लोकांची सेवा करणे हीच खरी निष्काम सेवा, असे सांगून साहेबांनी तो विषय निकालात काढला. आणि अध्यक्ष निवडणुकीने असावा की सन्मानाने, या प्रश्नावर बोलावयाचा अधिकार तर डोंबिवलीकरांना विशेषच आहे: फेब्रुवारी 2017 मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले, त्याचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे रीतसर मते घेऊन आले, त्यानंतर बडोद्याचे एक संमेलन तेवढे निवडणुकीचे झाले, आणि 2018 साली साहित्य महामंडळाने घटना दुरुस्त करून निवडणूकच काढून टाकली. आम्हीही निवडणूक ठेवली नाही. साहेबांना 'संस्थापक अध्यक्ष' केले, ज्या पदाला मुदत नसते आणि जे रिक्त होण्याची तरतूद कोणी सुचवीत नाही.

हे सर्व चालले असताना वहिनींनी एकदा मध्येच विचारले, "अहो, पण तळमजल्यावरच्या आजींना मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार?" विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. तो अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत घेता येईल, परंतु नोंदणी झालेली नसल्यामुळे अध्यक्ष अद्याप अध्यक्ष नाहीत, सबब परवानगी देण्यास सक्षम कोणी नाही, असा अभिप्राय वकिलांनी दिला, आणि तो बिनतोड होता. मंगळवारी वहिनी आजींना रिक्षाने घेऊन गेल्या, डोळ्यांत थेंब घालून त्यांना परत आणले, आणि येताना वाणसामानही आणले. या कृत्याला त्या वेळी कोणत्याही कलमाचा आधार नव्हता.

माझे स्वतःचे आवडते कलम गणसंख्येचे. ते सर्व नियमावल्यांत एकाच साच्याचे असते: सभेस एक तृतीयांश सभासद हवेत, नियोजित वेळी तेवढे न जमल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, त्याच विषयांसाठी भरविण्यात यावी, आणि या दुसऱ्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. मनुष्यस्वभावाची इतकी सूक्ष्म आणि इतकी क्षमाशील जाण मला अन्यत्र क्वचितच आढळली. पाच वाजता माणसे येणार नाहीत, हे कायद्याला ठाऊक आहे. साडेपाचला जी येतील त्यांना आलात कशाला म्हणून विचारणे असभ्यपणाचे, हेही ठाऊक आहे. याचा परिणाम म्हणून आमच्या बाजूला सूचनेत पाच वाजता असे वाचले की कसलेला सभासद सव्वापाचला दाढी करावयास बसतो, साडेपाचला सगळे येतात, गणसंख्या दुपटीने भरते, आणि सभा मात्र गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा म्हणूनच चालते. मास्तरांना यात एक तार्किक पेच दिसला. पाच वाजता त्या ठिकाणी कोणीच नसेल, तर सभा तहकूब करतो कोण? तहकुबीला अध्यक्ष हवा, अध्यक्ष तर वाटेत रिक्षात. वकिलांचे मत असे पडले की ती स्वयमेव तहकूब होते. मास्तरांचे समाधान झाले नाही. जी सुरूच झाली नाही ती थांबेल कशी, हा प्रश्न त्यांनी दोन सभांतून लावून धरला. शेवटी काकांनी स्वखुशीने दर वेळी ठीक पाचला येऊन, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून, सभा तहकूब झाल्याचे जाहीर करण्याचे पत्करले. इतक्या शांततेने चाललेली सभा आपण नोकरीत कधी पाहिली नव्हती, असे ते सांगतात.

सभासदत्व संपुष्टात येण्याची कारणे लिहिताना राजीनामा, दिवाळखोरी, वेड आणि मृत्यू हा नमुन्यातला क्रम कायम ठेवला. मृत्यूच्या पुढे 'आपोआप' हा शब्द होता. त्यावर मात्र साहेबांनी हरकत घेतली. विश्वस्तांत काही बदल घडला म्हणजे 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर नोंद होईपर्यंत सरकारदप्तरी तोच विश्वस्त राहतो. तेव्हा विश्वस्ताने इहलोकीची यात्रा संपविली तरी परिशिष्टातली संपत नाही, आणि काही जुन्या संस्थांची परिशिष्टे उघडून पाहिली तर त्यांवर आजही पुष्कळ कैलासवासी मंडळी कारभार पाहत आहेत. 'आपोआप' काढून 'यथावकाश' घातले.

आणि अखेरचे कलम विसर्जनाचे. संस्था निघण्यापूर्वीच ती मोडण्याचे कलम लिहावे लागते, हे ऐकून वहिनींनी कानांवर हात ठेवले. परंतु इतर सर्व कलमांहून अधिक उत्साह या कलमाला आला, हे खरे. संस्था मोडली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. आमची मालमत्ता म्हणजे एक इतिवृत्त पुस्तक, एक पावतीपुस्तक आणि गोल शिक्का. तथापि ती कोणत्या संस्थेला मिळता कामा नये याबद्दल प्रत्येकाचे मत तयार होते, आणि ती नेमकी तीच संस्था होती जिच्यातून त्याला पूर्वी बाहेर पडावे लागले होते.

मग संख्येचा प्रश्न आला. मोडण्याचा ठराव तीन पंचमांशांपेक्षा कमी नसतील इतक्या सभासदांनी करावा, असे 1860 सालापासून आहे. मास्तरांनी खडूचा तुकडा खिशातून काढला, तो त्यांच्या खिशात असतोच, आणि फरशीवर मांडून दाखविले की सातांचे तीन पंचमांश म्हणजे चार पूर्णांक एक पंचमांश. वकील म्हणाले, मग पाच धरा. काका म्हणाले, पाच धरले तर कायद्याने मागितल्यापेक्षा चार पंचमांश मनुष्य अधिक जातो, आणि फुकट जास्त देणे हे बँकिंगच्या तत्त्वात बसत नाही. सभासद दहा करावेत म्हणजे पूर्ण सहा येतील, अशी सचिवांची सूचना. परंतु वरचे तिघे कोण, हा प्रश्न निघताच खोलीत जी शांतता पसरली तीवरून त्या सूचनेला अनुमोदक नाही हे उघड झाले. पाच करावेत तर कायदा सातांखाली नोंदणी करीत नाही. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. इतक्यात सातवे गृहस्थ घाम पुशीत आत आले, झाकून ठेवलेला चहाचा कप त्यांनी उचलला, आणि काय चालले आहे अशी पृच्छा केली. संस्था मोडावयाला चार सभासद आणि वर एका सभासदाचा एक पंचमांश लागतो, असे मास्तरांनी त्यांना सांगितले.

"मग लिहा की," सहीसाठी पेन शोधीत ते म्हणाले, "तेवढा मी दर वेळी येतोच."